गुडघे वाकडे, कोपर सरळ

चाळिशी उलटलेल्या माणसाला काही नवीन शिकवू पाहणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. एक साक्षरता वर्गाचे मास्तर आणि दुसरे व्हॉलीबॉलचे मास्तर. यांपैकी पहिल्यांनी बरीच प्रगती केली आहे. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून निदान कागदोपत्री तरी एवढं मान्य झालं, की साठ वर्षांच्या शेतकऱ्याला ‘बाळ, कमळ काढ’ असं म्हणायचं नसतं. त्याला कर्जाच्या कागदावरचं, एस. टी.च्या पाटीवरचं अक्षर आधी दाखवायचं असतं. ही बातमी व्हॉलीबॉलच्या मास्तरांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. त्यांच्या लेखी पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ म्हणजे दहा वर्षांचा मुलगाच. फक्त पोट पुढे आलेला आणि कान पिरगाळण्याची सोय नसलेला.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमच्या बँकेच्या आंतरशाखा स्पर्धेसाठी गेल्या वर्षी आम्हां बारा कर्मचाऱ्यांचं पंधरा दिवसांचं शिबिर भरलं होतं. नाटकाचं परीक्षण लिहायला नाटककार असावं लागत नाही, तिकीट काढलेलं असलं की पुरतं. मी तर तिकिटाबरोबर मलमाचेही पैसे भरले आहेत. तेव्हा हे परीक्षण रीतसर आहे, असं वाचकांनी समजावं.

आता मूळ संहिता पाहू. व्हॉलीबॉल हा खेळ कुणासाठी काढला, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल काढला. तरुण पोरं खूश झाली. पण वाय. एम. सी. ए.च्या व्यायामशाळेत संध्याकाळी येणारे व्यापारी, पेढीवाले वगैरे वयस्क सभासद दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागले. तेव्हा जवळच्याच होल्योक गावात विल्यम मॉर्गन नावाच्या शारीरिक शिक्षकाने १८९५ साली त्यांच्यासाठी मुद्दाम एक सोपा खेळ रचला. टेनिसची जाळी साडेसहा फुटांवर बांधली, म्हणजे साधारण माणसाच्या डोक्याच्या जरा वर. बास्केटबॉलचा चेंडू जड पडला, त्याचा नुसता ब्लॅडर फारच हलका पडला, म्हणून मधल्या वजनाचा नवा चेंडू करवून घेतला. एका बाजूला कितीही माणसं चालत. चेंडू पलीकडे धाडण्यापूर्वी त्याला कितीही वेळा हात लावावा. धक्काबुक्की नाही, कारण मध्ये जाळी. नाव ठेवलं मिंटोनेट. पुढच्याच वर्षी कुणीतरी सुचवलं आणि त्याचं व्हॉलीबॉल झालं.

म्हणजे लक्षात घ्या. हा खेळ आमच्यासाठीच काढला होता! हिशेब लिहून पाठ धरलेल्या, जेवल्यावर बडीशेप लागणाऱ्या, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरची सूचना वाचण्याचं निमित्त करणाऱ्या माणसांसाठी. पुढे तो थोरामोठ्यांच्या हाती गेला. १९१८ साली माणसं सहा ठरली, १९२० साली स्पर्श तीन ठरले, १९६४ साली तो टोकियोच्या ऑलिंपिकला गेला आणि पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर जाऊन बसली. म्हणजे मॉर्गनसाहेबांच्या जाळीपेक्षा सुमारे दीड फूट वर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलगा मोठा झाला की घरात पाय लांब करून झोपतोच. माझी तक्रार एवढीच, की ज्या बापासाठी घर बांधलं त्याला आता दारातच ‘कोण पाहिजे?’ असं विचारतात.

आमचे मास्तर तरुण होते आणि खेळाडू म्हणून अव्वल होते. ते स्मॅश मारत तेव्हा मैदानाकडेच्या कडुलिंबावरचे कावळे उठत. त्यांच्या सज्जनपणाबद्दलही शंका नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. हा खेळ ते नवव्या-दहाव्या वर्षी शिकले होते आणि कसे शिकले ते साफ विसरले होते. ज्याला सायकल येते त्याला विचारा, तोल कसा सांभाळतोस? तो म्हणेल, ‘सांभाळायचा.’ आमच्या मास्तरांचं तसंच होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत आम्ही बाराजण एकाच मैदानावर असूनही एकमेकांना दिसेनासे झालो. दुसऱ्या दिवशी तंत्रावर व्याख्यान झालं. ‘पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे वाकवा, कंबर खाली, पाठ सरळ, कोपर सरळ, अंगठे जुळवा, मनगट खाली, नजर बॉलवर, आणि शरीर सैल सोडा.’ नऊ सूचना! आणि बॉल यायला लागतो एक सेकंद. नियमाप्रमाणे २६० ते २८० ग्रॅमचा तो बॉल येईपर्यंत आम्ही चौथ्या सूचनेपर्यंत पोचलेले असायचो. उरलेल्या पाच सूचनांच्या जागी बॉल लागायचा.

इथे प्रौढ विद्यार्थ्याचा एक स्वभाव सांगतो. मुलाला काही समजलं नाही तर ते तोंड वासून बघतं. मोठ्या माणसाला सगळं समजतं. ‘समजलं का?’ असं विचारलं की बारा माना एकदम हलतात. बँकेत परिपत्रक आलं की तरी दुसरं काय करतो आपण? पण परिपत्रक समजणं आणि काउंटरवर तसं होणं यांत जेवढं अंतर, तेवढंच डोक्याला समजणं आणि गुडघ्याला समजणं यांत असतं. शिकवणाऱ्याने या हलणाऱ्या मानांवर विश्वास ठेवू नये. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि तीही गुडघ्याला सांगावी.

तिसऱ्या दिवशी रांग लागली. मास्तर जाळीपाशी, हातात एक बॉल, समोर बाराजणांची ओळ. एकेकाने पुढे यायचं, बॉल चुकवायचा, धावत जाऊन आणायचा आणि शेपटाला उभं राहायचं. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे रांगेत दुसरं काही करण्यासारखं नसताना हिशेब केला. चाळीस मिनिटं म्हणजे चोवीसशे सेकंद. एका पाळीला दहा सेकंद धरले तर पाळ्या होतात दोनशे चाळीस, म्हणजे माणशी वीस. तेच जर सहा बॉल घेऊन आम्हांला जोडीजोडीने समोरासमोर उभं केलं असतं आणि दर चार सेकंदांनी बॉल इकडून तिकडे गेला असता, तर माणशी तीनशे वेळा हाताला बॉल लागला असता. भांडवल तेच, व्याज पंधरापट! सहा बॉल खेळ समितीच्या कपाटात होतेही. पण नवे होते, म्हणून स्पर्धेसाठी जपून ठेवले होते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मोठ्या माणसाला बॉलची भीती फारशी वाटत नाही. घरचे हप्ते फेडणारा मनुष्य पावशेर वजनाच्या वस्तूला काय भिणार? त्याला भीती वाटते ती हशाची. आमचे हेडकॅशियर सत्तावन्न वर्षांचे. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून नोटांचं एक बंडल खाली पडलेलं कुणी पाहिलं नाही. त्यांचा पहिला पास त्या कडुलिंबात गेला. दुसरा मास्तरांच्या मागच्या स्कूटरवर. सगळे हसले. ते स्वतःही हसले. मग मास्तर अगदी आपुलकीने म्हणाले, ‘‘काका, तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही आपले बाजूला बसून स्कोअर लिहा.’’

काकांनी स्कोअर लिहायला घेतला. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, पानाखाली बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा. रोज सकाळी बरोबर साडेसहाला येत, पांढरे कॅनव्हासचे नवे बूट घालून. शिबिरासाठी मुद्दाम घेतलेले ते बूट चार दिवस खुर्चीखाली नुसते जुळवून ठेवलेले असत. एखादा माणूस अपमानाने शिबिर सोडून गेला तर निदान त्याचा राग तरी उरतो. आपुलकीने बाजूला बसवलेल्या माणसाकडे तोही नसतो.

आठव्या दिवशी मास्तर स्वतःच्या सामन्यासाठी परगावी गेले आणि त्यांच्या जागी तीन दिवस एक निवृत्त पी. टी.च्या बाई आल्या. मुलींच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या. आल्या आल्या त्यांनी जाळी सोडायला लावली. ‘‘हिचं आज काही काम नाही.’’ मग कपाटाची किल्ली मागवली. सहाही बॉल बाहेर आले.

‘‘आता दोघादोघांत बॉल टाका आणि झेला.’’

एकजण म्हणाला, ‘‘बाई, पण व्हॉलीबॉलमध्ये बॉल पकडला तर फाउल होतो ना?’’

‘‘व्हॉलीबॉल शुक्रवारी आहे. आज झेला. पण कपाळासमोर झेला. दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करा आणि त्या खिडकीतून बॉल बघा.’’

झेलणं सगळ्यांना येत होतं. त्यासाठी पायही आपोआप बॉलखाली जात होते, गुडघे न सांगता वाकत होते. दहा मिनिटांनी बाई म्हणाल्या, ‘‘आता निम्माच वेळ धरा.’’ मग, ‘‘आता धरूच नका, तिथूनच पाठवा.’’ आणि बॉल गेला की हो! झेलायला शिकवल्याने पकडून ठेवण्याची खोड लागते, असा मास्तर मंडळींचा आक्षेप असतो, आणि तो अगदीच खोटा नाही. आमच्यातल्या दोघांना ती लागली. पण दोघांची खोड मोडणं सोपं, की बाराजणांचा धीर परत आणणं सोपं?

खालच्या पासलाही बाईंनी एकच गोष्ट सांगितली. एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यात ठेवायची, अंगठे शेजारी शेजारी, कोपर ताठ. ‘‘हे तुमचं ताट. बॉल मनगटाच्या जरा वर, या मऊ भागावर घ्यायचा. ताट उडवायचं नाही. ताटाचं तोंड जिकडे, तिकडे बॉल. उंची पाहिजे तर पायांनी उठा.’’ त्या दिवसापासून आमचे हात लाल व्हायचे थांबले, कारण आम्ही बॉलला बडवायचे थांबलो. सर्व्हिस खालूनच मारायची, आणि आधी जाळीपासून चार पावलांवरून. जमली की एकेक पाऊल मागे सरकायचं. वरूनच मारली पाहिजे, असं नियमांत कुठेही नाही. शिटी वाजल्यावर आठ सेकंदांत मारावी, एवढंच आहे. बॉल गुडघ्याला, पोटाला, अगदी पायाला लागून वर गेला तरी आता नियमाला चालतो, हे ऐकून आमच्यापैकी काहींची उमेद तर फारच वाढली.

पण सर्वांत अवघड धडा शेवटचा. बॉल दोघांच्या मध्ये आला की एकाने मोठ्याने ‘‘माझा!’’ असं ओरडायचं. ही व्हॉलीबॉलमधली मूलभूत गोष्ट, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला हीच जमत नाही. आमचा जन्म ‘हे टेबल माझं नाही’ म्हणण्यात गेलेला. दोघांच्या मध्ये बॉल पडे आणि दोघेही त्याच्याकडे अशा नजरेने पाहत, की जणू तो दुसऱ्या शाखेचा चेक आहे. बाईंनी मग बॉल न घेताच आम्हांला नुसतं ओरडायला लावलं. बारा मध्यमवयीन माणसं सकाळी सातला एका रिकाम्या मैदानावर ‘‘माझा! माझा!’’ म्हणून ओरडत होती. शेजारच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली. हसलीही. पण तेव्हा सगळेच ओरडत होते, त्यामुळे हसं एकट्याच्या वाट्याला आलं नाही.

बारा म्हणालो, कारण बाईंनी पहिल्याच दिवशी काकांच्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं होतं. ‘‘अहो, बूट कशाला घातलेत मग? या.’’ काकांनी एकूण एक बॉल झेलला. झेलणारच. ते हात आयुष्यभर तेच करत आले होते. धरलेलं सोडणं मात्र त्यांना फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी पाचांतले तीन पास सरळ जाऊ लागले. बाकीचे दोन कडुलिंबात गेले तरी त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. २५-११, २५-१४. व्हॉलीबॉलच्या दृष्टीने बाईंची पद्धत श्रेष्ठ ठरली, असा दावा हा आकडा करू देणार नाही. पण शिबिराच्या बारांपैकी अकराजण आजही रविवारी सकाळी मैदानावर येतात. बारावा बदलीवर गेला. जाळी आम्ही साडेसहा फुटांवर बांधतो, मॉर्गनसाहेबांच्या मापाने. मोठ्या माणसाला खेळ शिकवणाऱ्याचं प्रगतिपुस्तक लिहायचं तर त्यात स्मॅश-सर्व्हिसचे रकाने नकोत. शिबिर संपल्यावर किती माणसं परत आली, एवढा एकच रकाना पुरे.

त्या दुसऱ्या सेटमध्ये काका मागच्या ओळीत खेळले. चार सर्व्हिस मारल्या, तीन पलीकडे गेल्या. एकदा ‘‘माझा!’’ म्हणून इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या संघानेही बॉल सोडून दिला. सामना संपल्यावर घाम पुसत ते स्कोअरच्या टेबलाशी गेले. तिथे नव्याने लागलेला एक पोरगा बसला होता. काकांनी रजिस्टर उलटं करून पाहिलं आणि चष्मा वर सारून त्याला म्हणाले, ‘‘हरलो ते ठीक आहे. पण अकराचा आकडा असा काढतात?’’