मोरबाथचे जमाखर्च व त्यांचें वाचन

इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत, एक्समूरच्या दक्षिण कडेस, मोरबाथ नांवाचें एक लहान खेडें आहे. तेथील चर्चचे इ. स. १५२० पासून १५७३ पर्यंतचे जमाखर्च एका हस्तलिखितांत टिकून राहिले आहेत. ते जे. अर्स्किन बिनी यांनीं १९०४ सालीं एक्झेटर येथें छापून काढले; आणि मुख्यतः त्या एकाच वहीच्या आधारें केंब्रिजचे इतिहासपंडित ईमन डफी यांनीं २००१ सालीं 'दि व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' हा ग्रंथ लिहिला. ग्रंथास पुढील वर्षीं हॉथॉर्नडन पारितोषिक मिळालें व विद्वानांबाहेरच्या वाचकांतहि त्याचा आदर झाला. इतक्या वर्षांनीं आम्ही त्याचा परामर्श घेत आहों त्याचें कारण असें कीं, आपल्याकडील संग्राहकांच्या घरीं रुमाल सुटला म्हणजे पत्रें, सनदा व महजर प्रथम उचलले जातात आणि देवस्थानाचे जमाखर्च शेवटीं, बहुधा वाळवी लागल्यावर, पाहिले जातात. तीस-पस्तीस उंबऱ्यांच्या गांवाच्या जमाखर्चांतून काय निघूं शकतें आणि काय निघूं शकत नाहीं, या दोन्ही गोष्टी या ग्रंथावरून पारखतां येतात.

वही लिहिणारा मनुष्य सर ख्रिस्तोफर ट्रिकी हा १५२० सालीं मोरबाथचा व्हिकार झाला व १५७४ त मरेपर्यंत त्याच जागीं राहिला. येथील 'सर' म्हणजे सरदारकीचा किताब नव्हे. विद्यापीठाची पदवी नसलेल्या पाद्र्यास लॅटिन 'डॉमिनस' या शब्दाचें हें लौकिक रूप लावीत. आणि त्या 'डॉमिनस'च्या मुळाशीं असलेला 'डोमुस' हा शब्द आपल्या वेदांतील गृहवाचक 'दम' शब्दाचा सख्खा भाऊ होय. 'व्हिकार' याचा अर्थ मुतालिक. गांवचें यजमानपद बार्लिंच येथील मठाकडे होतें; हा त्याचा प्रतिनिधि. मठ पुढें मोडला गेला आणि त्याची एक खिडकी मोरबाथच्या देवळांत येऊन बसली. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी व एलिझाबेथ अशीं चार राज्यें या पुरुषानें पाहिलीं. पोपच्या सत्तेखालीं आरंभ केलेली वही त्यानें अँग्लिकन चर्चचा पाद्री म्हणून पुरी केली. अक्षर एकच, गांव तेंच, जमाखर्चाची पद्धतहि बहुतांशीं तीच. देव पुजण्याची रीत मात्र चार वेळां बदलली. या वहीचें मोल यांतच आहे.

चर्चचा वार्षिक कारभार कसा चाले तें पाहूं. चर्चला म्हणण्यासारखी जमीन नव्हती. व्हिकारास दशांश मिळे, परंतु तो त्याच्या निर्वाहाचा. देवळाचें छप्पर, घंटा, मेण, वस्त्रें, पुस्तकें यांचा खर्च गांवानेंच सोसावयाचा. त्यासाठीं एक मोठा खजिना नसून अनेक लहान ठेवी होत्या. मरियेची एक, संत सिडवेल हिची एक, अविवाहित तरुणांची एक, कुमारिकांची एक, आणि या सर्वांवर गांवच्या संरक्षक संत जॉर्जच्या नांवाची मुख्य ठेव. प्रत्येक ठेवीस वर्षावर्षानें नवे कारभारी नेमीत व वर्षअखेर त्यांनीं गांवापुढें उभें राहून हिशेब द्यावा असा परिपाठ होता. कारभारीपण घराघरांतून फिरे. स्त्रियाहि त्यांतून सुटत नसत. १५४८ सारख्या अवघड सालीं मुख्य कारभारी ल्यूसी सीली नांवाची बाई होती.

उत्पन्नाचीं साधनें मुख्यतः दोन. एक 'एल', म्हणजे गांवजेवणाच्या दिवशीं चर्चच्या घरांत जवाची दारू विकून होणारा नफा. वर्षांतून एक मुख्य कारभाऱ्यांची व एक तरुणांची अशा दोन एल होत. देवाच्या नांवानें मद्यविक्रय ही कल्पना आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल, पण त्या देशांत शेंकडों गांवांचीं देवळें याच नफ्यावर उभीं होतीं, आणि आमच्या जत्रांतील दुकानभाड्यावर ज्यांची दिवाबत्ती चालते त्या देवस्थानांनीं फार नाक मुरडण्याचें कारण नाहीं. दुसरें साधन मेंढरें. मरियेच्या व सिडवेलच्या ठेवींचीं मेंढरें वेगळ्या कळपांत नसत. तीं गांवकऱ्यांच्या घरोघरीं एक-दोन अशीं संभाळावयास दिलेलीं असत. लोकर विकली कीं पैसा ठेवींत जमा. कोणाची मेंढी मेली, कोणाची हरवली, कोणाची व्याली, कातड्याचें काय झालें, हें सारें दरसाल नांवानिशीं वाचून दाखवावें लागे. ज्यास खजिना नाहीं त्या देवानें आपली मालमत्ता भक्तांच्या गोठ्यांत ठेवली होती. ज्याच्या घरीं देवाची मेंढी आहे त्यास हिशेबाच्या दिवशीं गैरहजर राहण्याची सोय नाहीं; तेव्हां पैशाइतकीच माणसें बांधून ठेवण्याची ही युक्ति होती, असें डफी म्हणतात तें आम्हांस सर्वथा पटतें. हें प्रकरण ग्रंथांत सर्वांत सरस उतरलें आहे.

१५३४ च्या नोव्हेंबरांत चर्चमध्यें चोरी झाली. चोर शिडी लावून वर चढला, मनोऱ्याच्या खिडकींतून आंत उतरला, चकमकीनें दिवा पेटविला व पेट्या फोडून पवित्र प्याला आणि सिडवेलच्या मूर्तीचा चांदीचा जोडा घेऊन गेला. व्हिकारानें हा सर्व प्रकार हिशेबांतच लिहून ठेवला आहे. का? पुढें लागलीच नोंद आहे कीं, तरुणांनीं व कुमारिकांनीं एकत्र होऊन आपल्या देणग्यांतून नवा प्याला आणला व गांवावर बोजा पडूं दिला नाहीं. म्हणजे चोरीची हकीकत ही प्याल्याच्या जमेची बाजू समजण्यासाठीं लिहिलेली प्रस्तावना आहे. जमाखर्चांत कथा शिरते ती अशी, कारणापुरती. ज्यांनीं आपल्या पेठांचे व देवळांचे मोडी कागद चाळले आहेत त्यांस ही रीत परिचित आहे.

आणखी एका कलमाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मृतांच्या प्रार्थनेसाठीं काळ्या वस्त्रांचा एक संच असावा ही ट्रिकीची इच्छा. त्यासाठीं चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवर आपणांस मिळणारा दशांश त्यानें सोडून दिला व लहानसहान देणग्या त्यांत मिळवीत सुमारें वीस वर्षें रक्कम सांठविली. वस्त्रें आलीं १५४७ सालीं. त्याच वर्षीं एडवर्ड गादीवर बसला, मृतांसाठीं चालणाऱ्या प्रार्थनांच्या देणग्या कायद्यानें जप्त झाल्या, आणि दोन वर्षांत तो विधीच प्रार्थनाग्रंथांतून गेला. लेखकानें या ठिकाणीं एकहि भावनेचा शब्द लिहिलेला नाहीं. जमा व खर्च एवढेंच आहे.

पुढचीं सहा वर्षें वाचतांना कीर्द ओस पडत गेलेली दिसते. मूर्तींपुढील दिवे बंद, म्हणून ठेवी बंद; ठेवी बंद, म्हणून मेंढरें विकलीं; एल बंद, म्हणून नफा नाहीं; कारभाऱ्यांच्या अनेक जोड्यांऐवजीं एकच कारभारी उरला. खर्च मात्र वाढला, कारण सरकारी आज्ञेनें नवीं पुस्तकें घ्यावयाचीं, जुनी मांडणी पाडावयाची, आणि ती पाडणाऱ्या सुतारागवंड्यांची मजुरी गांवानेंच द्यावयाची. धर्मक्रांतीचा इतिहास राजाज्ञांवरून लिहिणाऱ्यास ही बाजू दिसत नाहीं. ज्या ठेवींवर तरुण व कुमारिका यांचा कारभारांतील वाटा उभा होता त्याच नाहींशा झाल्या, हा डफी यांचा मुख्य सिद्धांत आंकड्यांवर आधारलेला आहे व त्यास धक्का लागेलसें आम्हांस वाटत नाहीं. मेरीच्या राज्यांत लोकांनीं घरोघर लपविलेल्या वस्तु परत आणून दिल्या ही नोंद त्यास पुष्टिच देते.

मतभेदाची जागा १५४९ ची आहे. त्या वर्षीं ९ जून रोजीं नवा इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सर्वत्र लागू झाला, दुसरेच दिवशीं डेव्हनमधील सँपफर्ड कोर्टनी येथें बंड उठलें आणि जुलैच्या आरंभापासून बंडखोरांनीं एक्झेटरला वेढा दिला. मोरबाथच्या वहींत त्याच सालीं गांवच्या पांच जवानांस एक्झेटरजवळील टेकडीवरील छावणीस जाण्यासाठीं दिलेल्या रकमा आहेत. छावणी बंडखोरांची, म्हणून गांवानें आपल्या पैशानें बंडास माणसें पुरविलीं, असा डफी यांचा निष्कर्ष. स्थळ व काळ यांचा मेळ पाहतां छावणी कोणाची याविषयीं आम्हांसहि शंका वाटत नाहीं. परंतु ग्रंथकार येथून पुढें जाऊन गांवाच्या अंतःकरणाविषयीं बोलूं लागतात, तेथें आम्ही थांबतों. वेढा घातलेल्या सैन्याच्या टप्प्यांतील खेड्यानें माणसें पाठविलीं तीं भक्तीनें, भयानें, कीं शेजारच्या गांवांनीं पाठविलीं म्हणून, हें खर्चाच्या कलमावरून ठरत नाहीं. पेंढाऱ्यांस खंडणी देणारा पाटील पेंढारी होत नाहीं.

आम्हांस त्या नोंदींत दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची दिसते. बंड मोडलें, पुढारी फांसावर गेले, आणि तरीहि ती नोंद वहींत राहिली; कोणी खोडली नाहीं. असें कां व्हावें? रक्कम गांवाच्या पैशांतून गेली असतां ती खर्चीं दाखविली नाहीं तर कारभाऱ्याच्या नांवें बाकी निघते. राजद्रोहाच्या भयापेक्षां हिशेब न जुळण्याचें भय जवळचें होतें. जमाखर्चाचा कागद पत्रापेक्षां विश्वसनीय कां, याचें उत्तर लेखकाच्या सचोटींत नसून त्याच्यावर असलेल्या या जुलमांत आहे. पत्र लिहिणारास गप्प बसतां येतें. शिल्लक गप्प बसूं देत नाहीं.

ग्रंथाच्या नांवांतील 'व्हॉइसेस', म्हणजे 'आवाज', या शब्दासहि आमचा थोडा आक्षेप आहे. हिशेब कारभाऱ्यांच्या मुखीं घातलेले असून मोठ्यानें वाचण्यासाठीं लिहिलेले आहेत, हें डफी यांनीं उत्तम दाखविलें. तथापि लेखणी आरंभापासून शेवटपर्यंत एकाच हातांत आहे. कुळकर्ण्याच्या कलमांतून पाटील बोलतो तेव्हां आवाज कोणाचा, हा प्रश्न आमच्या करीन्यांचें व कैफियतींचें संपादन करणारांस नित्याचा आहे. चर्चच्या सेवकाचें वेतन कोणीं किती द्यावें यावरून १५३० नंतर कित्येक वर्षें गांवांत भांडण चाललें. तें आम्हांस समेट घडवूं पाहणाऱ्या व्हिकाराकडूनच कळतें, न देणाऱ्यांकडून नव्हे. डफी यांच्या १९९२ च्या मोठ्या ग्रंथाचा पक्ष असा कीं, धर्मक्रांतीपूर्वीचा जुना धर्म लोकांच्या मनांत जिवंत होता. त्या पक्षास ट्रिकीसारखा साक्षीदार फारच सोईचा पडला. साक्षीदार खोटा नाहीं. पण एकटा आहे.

अशा वह्या छापाव्या कशा, हा संग्राहकांचा खरा प्रश्न. जे. चार्ल्स कॉक्स यांनीं १९१३ सालीं चर्चवॉर्डनांच्या जमाखर्चांवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत कितीतरी गांवांच्या वह्यांतून वेंचे काढून घंटा, मेण, वस्त्रें, एल अशा सदरांखालीं लावले आहेत. माहिती विपुल, वाचन सुखाचें. परंतु कलम आपल्या वर्षापासून व बेरजेपासून तोडल्यावर तें कुतूहलाची वस्तु होतें, पुरावा राहत नाहीं. काळ्या वस्त्रांचें कलम कॉक्सच्या पद्धतीनें 'वस्त्रें' या सदरांत गेलें असतें आणि त्यामागचीं वीस वर्षें कोणास दिसलीं नसतीं. बिनींनीं सबंध मूळ छापलें म्हणूनच आठ तपांनंतर दुसऱ्यास त्यांतून ग्रंथ काढतां आला. उलट सबंध वही हातीं आली तरी ती सबंध गांव नव्हे, हें क्लाइव्ह बर्जेस यांनीं २००२ सालीं लंडन व ब्रिस्टल येथील उदाहरणांवरून बजावलें: कारभाऱ्यांच्या हातून जो पैसा गेलाच नाहीं तो त्यांच्या हिशेबांत कसा यावा? बीट क्यूमिन यांनीं २००४ त त्यास उत्तर दिलें. दोघांचेहि लेख आमच्या संपादकांनीं वाचण्याजोगे आहेत.

पुढील काळाविषयीं दोन शब्द. एलची जागा हळूहळू चर्चपट्टीनें घेतली. १६०१ च्या कायद्यानें गरिबांच्या पोषणाचा भारहि चर्चवॉर्डनांवर आला. इतर पंथांच्या लोकांनीं दीर्घकाळ विरोध केल्यावर १८६८ त पट्टीची सक्ति गेली. आणि १९२१ पासून पैशाचा कारभार निवडलेल्या पॅरिश मंडळाकडे आला. वर्षाचा हिशेब गांवच्या सभेपुढें ठेवण्याची चाल मात्र अजून चालूच आहे. १९७८ सालच्या नियमानें जुनीं दफ्तरें अभिलेखागारांत ठेवण्याची जबाबदारी ठरली, त्यामुळें पाद्र्याच्या कपाटांतील ओल व उंदीर यांपासून पुष्कळ वह्या वांचल्या.

आमच्याकडे देवस्थानाची वही छापावयाची झाल्यास एक वर्ष कां होईना पण सबंध छापावें. एकाहि कलमास 'किरकोळ' म्हणून गाळूं नये. बेरीज मुळांत चुकली असेल तर चुकलेलीच द्यावी व बरोबर बेरीज तळटीपेंत दाखवावी. खोडलेलें कलम खोडलेलें म्हणून छापावें. आणि कारभाऱ्यांचीं नांवें वर्षवार स्वतंत्र यादींत द्यावीं, कारण कारभार कोणत्या घरांत फिरला व कोणत्या घरांत कधींच गेला नाहीं, हें त्या यादीवांचून कळावयाचें नाहीं.