कोठडीच्या उंबऱ्यावर थांबलेला कॅमेरा

कंबोडियाचा नरसंहार जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो १९८४ च्या ‘द किलिंग फील्ड्स’मधून. त्यात अमेरिकी पत्रकाराचा कंबोडियन सहकारी डिथ प्रान याची भूमिका करणारे हाइंग न्गोर स्वतः डॉक्टर, आणि ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या छळातून वाचलेले. डॉक्टर असल्याचं उघड झालं तर जीव जाणार, म्हणून बाळंतपणात पत्नी डोळ्यांदेखत गेली तरी त्यांना काही करता आलं नव्हतं. त्यांना ऑस्कर मिळालं. तरीही चित्रपट अखेर त्या अमेरिकी पत्रकाराच्या मनातल्या टोचणीचाच होऊन जातो आणि कंबोडियन माणसं मागे उरतात.

ती पुढे आली कंबोडियन दिग्दर्शक रिथी पान यांच्यामुळे. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या ख्मेर रूजच्या सत्ताकाळात सुमारे १७ लाख माणसं मेली. त्यांत पान यांचे आईवडीलही होते. २००३ चा त्यांचा ‘एस-२१’ हा माहितीपट मला या विषयावरचं सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं. नॉम पेन्हमधल्या एका शाळेचा तुरुंग केला होता, तोच हा तुओल स्लेंग, म्हणजेच एस-२१. ख्मेर रूजचा प्रमुख पोल पॉट याची चित्रं काढता येत होती म्हणून जिवंत राहिलेले चित्रकार वान्न नाथ तिथल्या जुन्या पहारेकऱ्यांसमोर बसतात आणि शांतपणे प्रश्न विचारतात. उत्तरं गुळमुळीत येतात. पण एक पहारेकरी रिकाम्या कोठडीत आपली जुनी ड्युटी करून दाखवू लागतो, तेव्हा शब्दांनी लपवलेलं सगळं शरीर बोलून टाकतं. तो कुलूप काढतो, नसलेल्या कैद्यांवर खेकसतो, पाणी देतो, पुन्हा कुलूप लावतो. कॅमेरा उंबऱ्यावरच थांबतो, कारण आत जाणं म्हणजे जमिनीवर साखळदंडात पडलेल्यांना तुडवणं. रक्ताचा थेंबही न दाखवता नरसंहार रोजच्या कामासारखा कसा चालतो, हे इतक्या नेमकेपणानं दाखवणारं दुसरं दृश्य मला ठाऊक नाही.

‘द मिसिंग पिक्चर’मध्ये (२०१३) पान यांनी मातीच्या बाहुल्या घेतल्या. त्या हलत नाहीत. हलतात ते मधूनमधून येणारे ख्मेर रूजचे प्रचारपट, टोपल्या वाहणाऱ्या माणसांच्या रांगांचे. सत्तेनं स्वतःचंच चित्रीकरण केलं, मेलेल्यांचं कुणी केलं नाही. पांढऱ्या सुटातल्या वडिलांची बाहुली कोरली जाते, रंगवली जाते, आणि माणसाला न शोभणारं अन्न नाकारून तेच वडील उपाशी मरतात.

अँजेलिना जोलीचा ‘फर्स्ट दे किल्ड माय फादर’ (२०१७) ख्मेर भाषेत आहे, लुंग उंग यांच्या बालपणाच्या डोळ्यांनी पाहतो. प्रामाणिक आहे, पण देखणेपणाचा मोह त्याला सुटत नाही. डेनी दो यांचा ‘फुनान’ हा अॅनिमेशनपट मात्र आईच्या आठवणींवर उभा आहे आणि हिंसा चौकटीबाहेर ठेवून तिचा धाक कायम ठेवतो.

वान्न नाथ २०११ मध्ये गेले. प्रत्यक्ष साक्षीदार कमी होत चालले आहेत, म्हणून पुढचे चित्रपट मुलं-नातवंडंच करणार. पान यांच्या पुढाकारानं २००६ मध्ये नॉम पेन्हमध्ये सुरू झालेलं बोफाना केंद्र जुन्या चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणं जपतं, तरुणांना चित्रपटनिर्मितीही शिकवतं. या तरुणांकडून मला आणखी एक छळदृश्य नको आहे. घरात आजवर कुणी विचारलेच नाहीत, ते प्रश्न त्यांनी कॅमेऱ्यासमोर विचारावेत.