प्रक्रियेची सीमा कोण आखतो?

निरनिराळ्या शास्त्रांतील प्रक्रियांसाठी एकच भाषा असू शकेल, ही कल्पना विसाव्या शतकात रुजली. व्हाइटहेड यांनी ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’त (१९२९) वस्तूपेक्षा घडण्याला मूलभूत मानले. नॉर्बर्ट वीनर यांच्या ‘सायबरनेटिक्स’ने (१९४८) प्राणी आणि यंत्र या दोहोंत प्रतिसादाचे एकच चक्र दाखवले: परिणामाची खबर मागे येते आणि पुढची कृती सुधारते. बर्टालन्फी यांच्या ‘जनरल सिस्टिम थिअरी’ने (१९६८) या विचाराला व्यापक चौकट दिली.

या शास्त्राचे यश मला मान्य आहे. माझा आक्षेप त्यातल्या एका सवयीवर आहे. प्रणालीत काय धरायचे आणि काय वगळायचे, हा प्रश्न ते बहुधा अभ्यासकाच्या सोयीवर सोडते. पिंपळनेरवरून वाहणाऱ्या पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धत ही सवय तपासायला उपयोगी पडते.

बंधाऱ्याने अडवलेले पाणी कालव्यातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतात जाते. लाभक्षेत्राचे फड पाडलेले असतात. एका फडात हंगामाला एकच पीक. ते कोणते, हे शेतकरी मिळून ठरवतात. पाटकरी पाणी देतो, जागल्या पिकाची राखण करतो. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फड कमी होतात. वीनर यांचे चक्र इथे स्पष्ट दिसते. अशा सामुदायिक व्यवस्था दीर्घकाळ टिकू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’मध्ये (१९९०) साधार मांडले, २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र फडाच्या पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. त्याच फडात मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला पाण्यात वाटा नाही. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभारली, तेव्हा पाणी कुटुंबातील माणसे मोजून वाटायचे ठरले, भूमिहीनांचा हक्क मानला गेला आणि ऊस वर्ज्य झाला. प्रतिसादाचे चक्र दोन्हीकडे आहे, शिस्तही दोन्हीकडे आहे. चक्राच्या आत कोणाला घेतले, एवढाच फरक. आणि न्याय-अन्यायाचा निवाडा नेमका तिथेच होतो.

यापुढे संगणक मोठे होतील, प्रारूपे अधिक अचूक होतील. परंतु वगळलेल्या माणसाचा हिशेब अचूकतेने भरून निघत नाही. म्हणून नदीचे, बाजाराचे वा रोगाच्या साथीचे प्रारूप मांडणाऱ्याने समीकरणाआधी एक नोंद करावी: ही सीमा कोणी आखली आणि तिच्याबाहेर कोण राहिले. ही नोंद सक्तीची झाली, तरच या शास्त्राला आंतरविद्याशाखीय म्हणवून घेण्याचा अधिकार राहील.