मोजून पाहण्याचा हक्क

जर्मनीच्या घटना-न्यायालयानें ता. ३ मार्च २००९ रोजीं दिलेला मतयंत्रांविषयींचा निकाल लोकशाहीवरील निबंध म्हणूनही वाचण्याजोगा आहे. २००५ च्या निवडणुकींत लबाडी झाली असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. ती निवडणूक रद्दही केली नाहीं. तथापि यंत्रविद्या न जाणणाऱ्या नागरिकास मतगणना पडताळतां आली पाहिजे, या कसोटीवर त्या यंत्रांचा वापर घटनाविरुद्ध ठरविला. ही कसोटी आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

आमच्याकडे कागदाचे गोडवे गाणाऱ्यांनीं पळविलेल्या मतपेट्या विसरूं नयेत. परंतु आमच्या यंत्रांतील चिठ्ठी मतदारास ७ सेकंद दिसते, आणि २०१९ च्या आदेशानें विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघांत ५ केंद्रांच्याच चिठ्ठ्या यंत्राशीं ताडून पाहण्याचें ठरलें. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं फेटाळली. दोन्ही निकाल शेजारीं ठेवले असतां जर्मन निकालाची दृष्टि आम्हांस अधिक व्यापक वाटते. जिंकणारास पुरावा लागत नाहीं. हरणाराच्या साध्या मतदारासही आपली हार पटावी, यासाठीं कागद जपावयाचा आणि मोजावयाचा असतो.