बाळ ज. पंडित : कानांनी पाहिलेला खेळ

आपण मनमाडकर, म्हणजे आपल्याला गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. कुठली, किती उशिरा, कुठल्या फलाटावर, हे भोंग्यातला आवाज सांगतो आणि आपण पिशव्या उचलून जिना चढायला लागतो. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल नेमकं सांगणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. आज बोलायचंय ते असंच काम आयुष्यभर केलेल्या माणसाबद्दल. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन करणारे बाळ ज. पंडित.

पंडित पुण्याचे. महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले. 2015 साली पुण्यातच गेले. क्रिकेटवर त्यांनी मराठीत पुष्कळ पुस्तकं लिहिली, पण लोकांना आठवतो तो आवाज.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते, की मराठीतले क्रिकेटचे शब्द त्यांनी घडवले. मला हे कौतुक जरा सैल वाटतं. शब्द एकट्या माणसाचे नसतात, वर्तमानपत्रांनीही ते चालवले. गोलंदाज म्हणजे तर जुन्या मराठीत तोफ डागणारा! त्याच्याच चालीवर फलंदाज आला. पायचीत, धावचीत, यष्टिचीत यांतलं ‘चीत’ थेट कुस्तीच्या आखाड्यातलं. म्हणजे तोफखाना आणि तालीम यांतून आपण हा साहेबाचा खेळ घरी आणला.

मग पंडितांचं श्रेय काय? माझ्या मते मोठं आहे, आणि वेगळं आहे. छापलेला शब्द वाचायला वेळ मिळतो. धावत्या वर्णनात चेंडू हातातून सुटला की दोन-तीन सेकंदांत वाक्य संपवायचं असतं. तेवढ्यात ‘यष्टिरक्षक’ म्हणायचं, आणि ते पुस्तकी वाटू द्यायचं नाही! ही परीक्षा त्यांनी त्या शब्दांची घेतली. जे जिभेवर बसले ते टिकले. आमच्या रेल्वे कॉलनीत पोरं खेळताना ‘आउट’, ‘रन’ असंच ओरडायची, आजही ओरडतात. पण तीच पोरं रात्री सामन्याबद्दल बोलताना ‘षटकार’ म्हणायची. हा शब्द काही त्यांना शाळेत कुणी शिकवला नव्हता.

आता तुलनेसाठी थोडं लांब जाऊ. अमेरिकेत बेसबॉलचे विन स्कली नावाचे निवेदक होते. 1950 ते 2016, डॉजर्स या एकाच संघाचे 67 हंगाम! 8 एप्रिल 1974 ला हँक आरननं 715 वा होमरन मारला, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, आणि बेब रूथचा विक्रम मोडला. स्कलींनी चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगितलं आणि गप्प राहिले. पुढे बराच वेळ फक्त प्रेक्षकांचा जल्लोष. सगळं बोलणं येणाऱ्या माणसालाच असं गप्प राहता येतं.

हे सांगण्याचं कारण आजचं आहे. 2023 पासून आयपीएल मोबाईलवर मराठीतून ऐकू येतं. मराठीला जागा मिळाली, आनंदच आहे. पण चित्र समोर असताना ‘चेंडू सीमापार’ हे वेगळं सांगायची गरज उरत नाही. मग ती जागा विनोदांनी, आरडाओरड्यानं भरली जाते. रेडिओवाल्याला श्रोत्याची गरज ठाऊक असायची: धावफलक काय, षटक कितवं, क्षेत्ररक्षक कुठे उभा. पंडितांकडून घ्यायचं ते हे. शब्दांची यादी नुसती पाठ करून भागणार नाही.

शेवटी एक विनंती. पुस्तकं कपाटात राहतात, आवाज विरून जातो. तुमच्या घरात ज्यांनी ते वर्णन ऐकलंय, त्यांना या रविवारी विचारा आणि ते सांगतील तसं लिहून घ्या. ऐकणारा गेला की तो सामनाही गेला.