प्रभा, बी.

प्रभा, बी. : (१९३३–२००१). कष्टकरी स्त्रीच्या चित्रणासाठी प्रसिद्ध असलेल्या आधुनिक भारतीय चित्रकर्त्री. जन्म नागपूरजवळील बेला या गावी. कलेचे आरंभीचे शिक्षण नागपूर येथे. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रंगचित्रण व भित्तिचित्रण यांचा त्यांनी अभ्यास केला. शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला (१९५६). १९५८ मध्ये मुंबई राज्य कलाप्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. होमी भाभा यांनी त्यांची चित्रे घेतली, तसेच एअर इंडियाच्या संग्रहातही ती समाविष्ट झाली.

आरंभीच्या काळात अप्रतिरूप शैलीकडे त्यांचा कल होता. पुढे त्या आकृतिप्रधान चित्रणाकडे वळल्या. ग्रामीण स्त्रिया, विशेषतः कोळणी, हे त्यांचे आवडते विषय. दुष्काळ, भूक व बेघरपणा यांचेही चित्रण त्यांनी केले. लांबविलेली मान व अवयव, मोजकी बाह्यरेषा आणि एकाच प्रमुख रंगाच्या छटांनी व्यापलेली पार्श्वभूमी ही त्यांच्या तैलचित्रांची लक्षणे होत. भारतीय ग्रामीण स्त्रीला आधुनिक चित्रकलेत स्थान देणाऱ्या अमृता शेरगील यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. तथापि शेरगील यांच्या आकृतींतील घनता प्रभांच्या चित्रांत आढळत नाही. तिची जागा लयबद्ध रेषा घेते.

माहीम-सातपाटीपासून मुंबईच्या कोळीवाड्यांपर्यंत पसरलेल्या किनाऱ्यावरील कोळीण प्रत्यक्षात बोलकी, व्यवहारचतुर व घासाघीस करणारी असते. प्रभांची कोळीण मात्र मूक व अंतर्मुख आहे. या मौनामुळे श्रमाला प्रतिष्ठा लाभते. बाजारातील एका सामान्य स्त्रीला व्यक्तिचित्रणातील मानाचे स्थान मिळते. परंतु त्याच मौनात एक धोकाही आहे. जेथे पाटीचा भार मानेत व खांद्यांत जाणवतो, तेथे आकृतीची लांबी अर्थपूर्ण ठरते. जेथे तो जाणवत नाही, तेथे ती केवळ ठरावीक आलंकारिक शैली बनते आणि दुःखही दिवाणखान्याची शोभा होऊन बसते. लोकप्रियतेबरोबर अशी पुनरुक्ती वाढली, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्यांच्या उत्कृष्ट चित्रांतील स्त्री दयेची याचना करीत नाही. ती केवळ क्षणभर थांबलेली असते. हा स्वाभिमान रेषेतून व्यक्त करणे, हेच त्यांच्या कलेचे खरे यश होय.