शेताचा कोपरा आणि गहाण जमीन : रूथच्या कथेतील दया, तरतूद व सोडवणूक

रूथचे पुस्तक वाचायला अर्धा तास पुरतो. चार अध्याय आणि ८५ वचने. ‘या कथेतून ईश्वराची दया, तरतूद व तारण कसे व्यक्त होते?’ असा प्रश्न तुम्हाला परीक्षेत येऊ शकतो. त्याचे तयार उत्तरही ठरल्यासारखे आहे: रूथ निष्ठावान होती, देवाने तिच्यावर कृपा केली, तिला अन्न, नवरा आणि मूल मिळाले. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते कथा न वाचताही लिहिता येते.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी एक साधे काम करा. पुस्तक उघडा आणि देव स्वतः काय काय करतो ते मोजा. दोनच जागा सापडतील. पहिल्या अध्यायात यहूदातला दुष्काळ संपतो, आणि तोही नामीच्या कानावर आलेली बातमी म्हणून आपल्याला कळतो. शेवटच्या अध्यायात रूथला गर्भ राहतो. मधल्या सगळ्या कथेत चमत्कार नाही, देवदूत नाही, स्वप्न नाही, संदेष्टा नाही. देवाचे नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे: रामराम घालताना, आशीर्वाद देताना, शपथ घेताना, तक्रार करताना. मग दया येते कुठून? ती येते शेताच्या कोपऱ्यातून, खळ्यावरून आणि गावच्या वेशीतून. या तीन जागा नीट पाहिल्या, तर तुमचे उत्तर वेगळे होईल.

कथा थोडक्यात अशी. शास्त्यांच्या काळात दुष्काळ पडतो. बेथलेहेम या नावाचा अर्थच ‘भाकरीचे घर’. त्या घरात भाकरी उरत नाही. एक कुटुंब मवाब देशात जाते. तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलगे मरतात आणि दहाएक वर्षांनी उरतात तीन विधवा: सासू नामी आणि तिच्या दोन मवाबी सुना. नामी परत निघते. ओर्पा रडून माहेरी जाते. कथाकार तिला एका शब्दानेही दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. रूथ सासूला सोडत नाही. वाट, घर, लोक, देव आणि शेवटी मरणाची जागासुद्धा ती सासूशी बांधून घेते. गावात पोचल्यावर नामी बायकांना सांगते की आता मला ‘मारा’, म्हणजे कडू, म्हणा. भरल्या हाताने गेले आणि देवाने मला रिकामे परत आणले. हा ‘रिकामे’ शब्द ध्यानात ठेवा. देवावर उघड तक्रार करणारी ही बाई पुस्तकात कुठेही दटावली जात नाही.

आता शेत. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे गोळा करणे, याला मराठीत ‘सरवा वेचणे’ म्हणतात. शहरात वाढलेल्यांना शब्द नवा असेल, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बेंगळुरूत शिकत असाल तर शेजारच्या कन्नड मित्राला विचारा, त्याच्या भाषेत याला ‘हक्कलु’ म्हणतात. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांतल्या नियमशास्त्रात सरव्याबद्दल स्पष्ट आज्ञा आहे: मालकाने शेताचा कोपरा पुरता कापू नये, पडलेले उचलू नये, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, ते गरिबांचे, परक्यांचे, अनाथांचे आणि विधवांचे. ही भीक नव्हे. देणारा ओंजळीत घालत नाही, घेणारी स्वतः वाकून वेचते.

आपल्याकडच्या बलुत्याशी हे ताडून पाहा. बलुतेदारालाही खळ्यावर धान्य मिळे, पण ते गावाच्या कामाबद्दल आणि जातीने ठरलेल्या जागेवर उभे राहून. सरव्याच्या नियमात काम केल्याची अट नाही आणि कुळाची विचारणा नाही. परकी बाईसुद्धा त्यात धरलेली आहे. याच नियमशास्त्रात दुसरीकडे मवाबी लोकांना मंडळीत घेऊ नये असा कडक निर्बंधही आहे. कथाकार रूथला वारंवार ‘मवाबी’ म्हणतो ते उगीच नाही. एक कायदा तिला शेतात येऊ देतो, दुसरा तिला दारातच अडवतो.

माझ्या मते या कथेचा गाभा इथे आहे. कायद्याने रूथला सरव्याचा हक्क होता. तरी सासूला ती म्हणते की ज्याची मर्जी होईल त्याच्या मागे वेचीन; मुकादमापुढेही ती परवानगी मागते. शेतमालक बवाज तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा काय सांगतो? दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, बायकांच्या जवळ राहा, गड्यांना मी ताकीद दिली आहे की तुला हात लावायचा नाही. म्हणजे हात लागण्याची भीती खरी होती. कायदा आणि कणीस यांच्यामध्ये एक अंतर आहे आणि ते एकट्या बाईला एकटीने पार करायचे आहे. बवाज तिला पाणी देतो, जेवायला बसवतो, पेंढ्यांतून मुद्दाम कणसे पाडायला सांगतो. संध्याकाळी ती एफाभर सातू घेऊन घरी जाते, सुमारे २० लिटर भरेल इतके धान्य. मूळ हिब्रूत ‘हेसेद’ असा शब्द आहे. मराठीत त्यासाठी दया, कृपा, वात्सल्य असे शब्द येतात. रूथच्या पुस्तकात तो तीनदाच आहे. एकदा नामी सुनांच्या वागण्याबद्दल वापरते, एकदा देवाच्या बाबतीत, आणि एकदा बवाज रूथबद्दल. माणसाची दया आणि देवाची दया यांना कथाकार एकच शब्द लावतो. कागदावरचा हक्क हातात पडेपर्यंत कोणीतरी जे जास्तीचे करते, ते हेसेद.

बेंगळुरूत हे अंतर पाहायला लांब जावे लागत नाही. रायचूर, यादगीर, कलबुर्गी या कोरडवाहू जिल्ह्यांतून बांधकामावर येणारी कुटुंबे शहरभर आहेत. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी बाजूला काढणे बंधनकारक झाले. शेताच्या कोपऱ्याला याहून जवळचे आजचे उदाहरण मला सुचत नाही. पण लाभ मिळायला मजुराची नोंदणी लागते आणि नोंदणीला कामाचा पुरावा. आज या साइटवर, उद्या त्या साइटवर असणाऱ्या बाईने तो कुठून आणावा? कोपरा राखलेला आहे, पण मुकादमाला विचारावे लागते.

तिसऱ्या अध्यायात कथा धाडसी होते. पहिल्या भेटीत बवाज रूथला आशीर्वाद देतो की देवाच्या पंखांखाली आलीस, तुला पुरते फळ मिळो. हिब्रूत ‘कानाफ’ म्हणजे पंख, आणि वस्त्राचा पदरही. रात्री खळ्यावर, उपणणी आणि जेवण उरकून तो झोपल्यावर, रूथ त्याच्या पायाशी जाते आणि आपला कानाफ माझ्यावर घाल म्हणते. देवाच्या पंखाची गोष्ट केलीत ना, मग तुमचा पदर पसरा. बवाजने उच्चारलेली प्रार्थना ती बवाजच्याच अंगावर टाकते. देवाची तरतूद दाखवण्यासाठी कथाकाराने शोधलेला हा सर्वांत नेमका शब्द आहे. भाषांतरात ‘पंख’ आणि ‘पदर’ वेगळे झाले की हा दुवा तुटतो.

सोडवणुकीचा शब्दही असाच नीट पाहायला हवा. ‘गोएल’ या हिब्रू शब्दासाठी आपण उद्धारक, मुक्तिदाता म्हणतो आणि आपले कान लगेच मोक्षाकडे वळतात. मूळ शब्द जमिनीचा आहे. नातलगाची विकली गेलेली जमीन परत सोडवणारा, कर्जापायी दास झालेल्या भाऊबंदाला सोडवून आणणारा, तो गोएल. गहाण सोडवणे म्हणतो तेच. पुढे यशयाच्या ग्रंथात हाच शब्द देवाला लावला जातो, पण तो शेतीवाडीतून वर चढलेला आहे.

चौथा अध्याय वेशीत घडतो. बवाजहून जवळचा एक भाऊबंद आहे. जमीन म्हटल्यावर तो तयार होतो. सोबत रूथची आणि मेलेल्याचे नाव चालवण्याची जबाबदारी आली म्हटल्यावर माझ्या वतनाची खराबी होईल म्हणून मागे सरतो. भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. गंमत म्हणजे या माणसाचे नाव कथाकार देत नाही. त्याला ‘पेलोनी अल्मोनी’ म्हणतो, म्हणजे अमका-तमका. आपल्याकडे अरबीतून आलेला ‘फलाणा’ हा या ‘पेलोनी’चाच भाऊ आहे. वतन वाचवायला गेला आणि फलाणा म्हणून उरला.

मराठी पवित्र शास्त्र प्रकाशित करणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय बेंगळुरूत आहे. पण मराठी बायबलचा इतिहास एका विधवेशीही जोडलेला आहे. पंडिता रमाबाई १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या. त्या वस्तीचे नाव मुक्ती. तिथे शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले संपूर्ण मराठी बायबल याच छापखान्यात बायकांनी छापले. ते १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर पडले. दुष्काळ, विधवा, परमुलूख, धान्य: रूथच्या पुस्तकातले हे शब्द त्या छापखान्यातल्या अनेकींना कोशातून शिकायचे नव्हते. पण एक फरक महत्त्वाचा. रूथला वेचायला कोणाचे तरी शेत होते आणि त्या शेतावर कायदा होता. केडगावच्या बायकांसाठी तसा कोपरा कोणी राखलेला नव्हता. शेतापासूनच सुरुवात करावी लागली. ‘मुक्ती’ हा मोक्षाचा शब्द रमाबाईंनी विहिरी आणि छापखान्याच्या वस्तीला दिला, तेव्हा तो गोएलच्या जमिनीवर परत आला असे मला वाटते.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मूल होते आणि शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. सात मुलांहून बरी अशी सून, हे कौतुक होते, पण सून स्वतः एक शब्द बोलत नाही. मग पेरेसपासून दावीदापर्यंत दहा पुरुषांची वंशावळ येते आणि पुस्तक मिटते. सोडवणूक झाली ती जमिनीची, नावाची, सासूच्या म्हातारपणाची. रूथला काय वाटले ते कोणी विचारत नाही. ‘आदर्श सून’ म्हणून ही कथा सांगणाऱ्यांना या गप्पपणाची अडचण वाटत नाही. तुम्हाला वाटली पाहिजे.

रूथ शेवटचे बोलते ते तिसऱ्या अध्यायात, खळ्यावरून पहाटे परतल्यावर. बवाजने सहा मापे सातू दिले, ती सासूला सांगते, आणि तो म्हणाला की सासूकडे रिकामी जाऊ नकोस. आता दोन वचने मागे जाऊन पाहा. बवाज सातू मोजून देतो तिथे हे वाक्य कथाकाराने त्याच्या तोंडी घातलेले नाही. ‘रिकामे’ हा नामीचा शब्द होता, आणि तिच्या गाऱ्हाण्याच्या वेळी रूथ शेजारी उभी होती.